अल ऐनला गेलेला माणूस

शुभ्राला आठवा महिना लागला होता. गुरुवार होता, दुबईत सुट्टी शुक्रवारची, म्हणून सुजीत ऑफिसातून दुपारीच घरी आला होता. जेवणं उरकली, तो सोफ्यावर पेपर घेऊन आडवा झाला आणि ती भांडी विसळायला आत गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "सुजीत." आवाज मोठा नव्हता. तो गेला तेव्हा ती दोन्ही हातांनी ओट्याला धरून उभी होती. तिच्या पायाशी फरशीवर रक्त होतं.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दगडासारखं झालंय पोट," ती म्हणाली. "आणि हलत नाहीये रे तो."

चादरीत गुंडाळून त्याने तिला लिफ्टने खाली आणलं आणि टॅक्सीत घातलं. सरकारी हॉस्पिटल जवळच होतं. टॅक्सीवाला पठाण वाटभर काहीतरी पुटपुटत होता. ती दुवा होती हे सुजीतला उतरताना कळलं.

डॉक्टरीणबाई सुदानच्या होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या. तपासून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वार आतल्या आत सुटायला लागलीय. ऑपरेशन करावं लागेल. रक्त मागवते."

सुजीतला थोडा धीर आला. शुभ्राच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं, आणि ओ पॉझिटिव्ह म्हणजे काय, कुठेही मिळतं. त्याने सही केली. बाकावर बसला. अर्धा तास झाला तरी रक्त आलं नाही. मग रक्तपेढीतला टेक्निशियन, एक मल्याळी माणूस, स्वतःच वर आला.

"तुम लोग बम्बई का है?"

"मी पुण्याचा. बायको मुंबईची. का?"

त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. ओच्या पिशव्यांमागून पिशव्या लावून बघितल्या, शुभ्राच्या रक्ताशी एकही जुळत नाही. दिसायला तो ओ आहे, पण ओ नाही. दहा हजारांत एखाद्याचा असतो. त्या ग्रुपचं नावच बॉम्बे. त्या माणसाला दुसऱ्या कोणाचंही रक्त चढवलं तर ते विषासारखं होतं. लागतं ते त्याच ग्रुपचं.

"मग तो द्या."

"नहीं है. अबुधाबीला विचारलं, तिथेही नाही. मुंबईला फॅक्स केलाय. उद्या सकाळच्या फ्लाइटने येईल, इन्शाल्ला."

"आणि आज?"

टेक्निशियनने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "रक्त हाताशी नसताना पोट उघडलं तर ती टेबलावर जाऊ शकते. आत्ता थोडं थोडं जातंय. एकदम सुटलं, तर मग मला थांबता येणार नाही. दोन तास मिळतील. कदाचित कमीच."

सुजीतने कॉरिडॉरमधल्या फोनवर महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीला गाठलं. बोलताना त्याची जीभ अडखळत होती, त्याला स्वतःचं आडनाव दोनदा सांगावं लागलं. सेक्रेटरी म्हणाले, "फोन ठेव. मी सगळ्यांना कळवतो." मग त्याने शुभ्राच्या भावाला, तन्मयला, मुंबईला फोन लावला. तन्मय म्हणाला, "माझा पण तोच असू शकेल ना रे? मी निघू का?" व्हिसा नाही, तिकीट नाही. आणि असतं तरी तो उद्याच पोचला असता. सुजीतने उत्तर न देताच रिसीव्हर खाली ठेवला.

दिवस मावळायला आला तेव्हा कॉरिडॉरमधून एक बाई भराभरा चालत आल्या. पंचेचाळिशीच्या, ओल्या केसांची गाठ मारलेली, घरातल्याच साडीत. मागे एक पांढऱ्या दाढीचा ड्रायव्हर.

"तुम्हीच सुजीत ना? मी साधना सबनीस. आमच्या ह्यांचा ग्रुप हाच आहे. बॉम्बे."

सुजीत उभा राहिला. त्याला त्यांचे पाय धरावेसे वाटले. गुणवंत सबनीसांना दुबईतला प्रत्येक मराठी माणूस ओळखत होता. बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि मंडळाच्या गणपतीत माइक कायम त्यांच्याच हातात. भारदस्त आवाज, खणखणीत हसणं.

"कुठे आहेत ते? येतायत?"

साधनाबाईंचा चेहरा उतरला. "तेच तर. सकाळीच अल ऐनला गेलेत, साइटवर. मोबाइल बंद आहे. साइटवर फोन केला तर वॉचमन म्हणतो आज कोणी आलंच नाही. दोन साइट्स आहेत तिथे, दुसरीकडे असतील. म्हटलं, फोनवर घोळ घालण्यापेक्षा हमीदभाईंना घेऊन इथेच यावं. ते कंपनीचे ड्रायव्हर आहेत, ते गाडी घेऊन जातील आणि शोधून आणतील."

"वहिनी, अल ऐनला जायला दीड तास. यायला दीड तास."

"कळतंय हो मला." त्या बाकावर टेकल्या आणि लगेच उठल्या. "आत कोण आहे तिच्याजवळ? कोणीच नाही? मी बसते." आणि नर्सला न विचारताच पडदा सारून आत गेल्या.

हमीदभाई जागचे हलले नव्हते. साठीकडे झुकलेला माणूस, रत्नागिरीकडचा, गेली पंधरा-वीस वर्षं त्या कंपनीची गाडी चालवत होता. पडदा पडलेला बघून त्यांनी सुजीतला कोपराला धरून जिन्याकडे नेलं.

"भाऊ, साहेब अल ऐनला नाहीत."

"मग?"

"इथेच आहेत. दुबईत. देराच्या बाजूला हॉटेलात नाच आहे, परदेशातली पार्टी आलीय. टँगो का काय म्हणतात. परवा मीच तिकिटं आणून दिली." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "दोन तिकिटं. जेवणासकट."

सुजीतला समजायला क्षणभर वेळ लागला. "दुसरं कोणाचं?"

"ते नका विचारू."

"आणि वहिनींना…"

"अल्ला के वास्ते, त्यांना नको. माझं घरदार गावाला ह्याच नोकरीवर चालतं. पण हे पोटात ठेवलं आणि तुमच्या बायकोला काही झालं, तर मी नमाजला उभा कसा राहू? तुम्ही चला. मला ते लोक आत सोडणार नाहीत."

सुजीत पडद्यापाशी गेला. शुभ्राचे ओठ पांढरे पडले होते. साधनाबाई तिच्या पायथ्याशी बसून तिचे गार तळवे चोळत होत्या.

"कुठे चाललास?" शुभ्राने विचारलं.

"रक्त आणायला."

"लवकर ये."

"तुम्ही निघा," साधनाबाई म्हणाल्या. "मी आहे इथे. वाटेत त्यांचा फोन लावत राहा. सुरू करतील कधीतरी." त्याच्याकडे बघून त्यांनी हसायचाही प्रयत्न केला.

*

गुरुवारची संध्याकाळ. सगळं गाव गाड्या घेऊन बाहेर पडलेलं. पुलावर गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. हमीदभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. शेजारच्या गाडीतला अरब काच खाली करून ओरडला, तेव्हा त्यांनी अरबीत काहीतरी सांगितलं, आणि त्या माणसाने हात वर करून आपली गाडी मागे घेतली. सुजीत मांड्यांवर मुठी आपटत बसला होता. खाली खाडीच्या पाण्यात दिवे पडले होते, एका बोटीवर लग्नाच्या बँडबाजासारखं काही वाजत होतं. त्याला वाटलं, उतरून पळत सुटावं.

हॉटेलच्या दारात हमीदभाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "असे नाही सोडणार, भाऊ." सुजीतच्या शर्टावर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. हमीदभाईंनी आपला युनिफॉर्मचा कोट काढून त्याच्या अंगात चढवला. निळा कोट, खिशावर कंपनीचं चिन्ह. बाह्या आखूड होत होत्या.

हॉल पहिल्या मजल्यावर होता. बाहेर टेबलामागे एक फिलिपिनो मुलगी. आतून व्हायोलिनचा आवाज येत होता.

"एका माणसाला बाहेर बोलवायचंय. गुणवंत सबनीस. माइकवरून नाव घ्या. इमर्जन्सी आहे, हॉस्पिटलची."

तिने मॅनेजरला बोलावलं. लेबनीज मॅनेजर गोड बोलत होता, पण ऐकत नव्हता. "हबीबी, शो सुरू झालाय. मध्येच अनाउन्समेंट होत नाही. इंटर्व्हलला करू. चाळीस मिनिटं फक्त."

"तोपर्यंत ती मरेल!"

मॅनेजरने त्याच्या आखूड बाह्यांकडे, पायातल्या स्लिपरांकडे बघितलं. ड्रायव्हर दारू पिऊन आला असावा असंच त्याला वाटलं असणार. सुजीतला कळलं की आता आरडाओरडा केला तर हे लोक बाहेर काढतील. त्याने पाकीट काढलं. "तिकीट द्या."

"विथ डिनर ऑर विदाउट डिनर, सर?" मुलीने विचारलं.

त्याने नोटा तिच्यासमोर टाकल्या. मग म्हणाला, "विदाउट." एरवी त्याने लगेच मनात रुपयांचा हिशेब केला असता. आज किती नोटा दिल्या तेही बघितलं नाही.

आत काळोख होता. बिनजेवणाच्या लोकांसाठी मागे खुर्च्यांच्या रांगा, आणि पुढे स्टेजपर्यंत गोल टेबलं, प्रत्येकावर मेणबत्ती. जेवणासकट, हमीदभाई म्हणाले होते. म्हणजे पुढे. पण सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. नुसते खांदे आणि केस. चेहरे बघायचे तर स्टेजच्या अंगाला जावं लागणार होतं.

तो भिंतीला धरून, वाकून पुढे सरकू लागला. स्टेजवर एक पुरुष आणि एक बाई छातीला छाती लावून सरकत होते. तिची पावलं त्याच्या पावलांमधून सुरीसारखी आतबाहेर होत होती. एक म्हातारा गुडघ्यावर पेटीसारखं वाद्य घेऊन त्याचा भाता ताणत होता, आणि ते वाद्य दम लागलेल्या माणसासारखं श्वास घेत होतं. मधूनच सगळं थांबायचं. नाचणारे, वाजवणारे, सगळे. त्या शांततेत सुजीतला आपल्या स्लिपरचा आवाज ऐकू यायचा आणि तो जागीच गोठायचा. वेटर ताटं घेऊन त्याला ओलांडून जात होते. 

दिवे लाल झाले आणि पुढच्या टेबलांवरचे चेहरे उजळले. एक गोरं जोडपं. एक सिंधी कुटुंब. आणि त्यापलीकडे गुणवंत सबनीस. काळा सूट, समोर अर्धा भरलेला ग्लास. शेजारी हिरव्या साडीतली एक बाई, चाळिशीची.  ती स्टेजकडे बघत होती आणि ते तिच्याकडे.

सुजीतला एवढं हायसं वाटलं की त्याचे डोळेच भरून आले. तो ताठ उभा राहिला आणि त्याने हात हलवला.

गुणवंतरावांनी वर बघितलं. सुजीतचा चेहरा अंधारात होता. त्यांना दिसला तो कोट. आपल्याच कंपनीचा निळा कोट, आपल्या ड्रायव्हरचा. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मांडीवरचा नॅपकिन टेबलावर टाकून ते बाईच्या कानाशी काही बोलले, आणि दोघं उठून पलीकडच्या दाराकडे चालू लागले.

"अहो!" सुजीत म्हणाला. "अहो, थांबा!"

ते थांबले नाहीत. सुजीत टेबलांमधून धावत सुटला. एका वेटरवर आदळला, ताटं खाली पडली, कोणीतरी इंग्रजीत शिवी दिली. स्टेजच्या अगदी पुढून तो पळाला. दोन गार्डनी त्याला मागून धरलं तेव्हा दार त्याच्यापासून चार हातांवर होतं, आणि हिरव्या साडीचा पदर बाहेर जाताना दिसत होता.

"गुणवंतराव!" तो जीव काढून ओरडला. "वहिनींनी नाही पाठवलं! माझी बायको मरतेय! रक्त पाहिजे तुमचं! फक्त रक्त पाहिजे हो!"

हॉलमधल्या बऱ्याच माना वळल्या. निम्मे लोक आपल्याकडचेच होते. नाचणाऱ्या दोघांनी नाच थांबवला नाही. काही झालं तरी थांबायचं नाही, असंच त्यांना शिकवलेलं असावं. दार बंद झालं.

गार्डनी त्याला ओढत लॉबीत आणलं. मॅनेजर पोलिसांना फोन लावायला सांगत होता. सुजीत खाली बसला.  बोलायला तोंड उघडलं तर नुसता हुंदका आला.

लिफ्टचं दार उघडलं आणि हिरव्या साडीतली बाई एकटीच बाहेर आली. सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोणाची बायको? काय झालंय?" तिने मराठीत विचारलं.

त्याने सांगितलं. आठवा महिना, बॉम्बे ग्रुप, दोन तास. ती ऐकत होती आणि तिच्या गळ्याशी एक शीर उडत होती. मग ती मॅनेजरकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "ह्यांना सोडा. हे माझ्याबरोबर आहेत."

*

खाली गाड्या लागतात तिथे गुणवंतराव उभे होते आणि हमीदभाई त्यांच्यासमोर हात जोडून रस्ता अडवून होते.

"तूच सांगितलंस ना? माझ्या गाडीत बसून माझ्याच…" सुजीतला बघून ते थांबले. "तुम्ही? कोण तुम्ही?"

सुजीतने पुन्हा सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला वाटत होतं, प्रत्येक वाक्याला तिच्या अंगातून आणखी रक्त जातंय. गुणवंतरावांचा आवाज खाली आला. "अरे देवा. हॉस्पिटलात कोण आहे तिच्याजवळ?"

"साधनावहिनी."

 ते चाचरत म्हणाले, "तिला मी अल ऐन सांगितलंय." घड्याळाकडे बघितलं. "तुम्ही पुढे व्हा. मी येतो. नक्की येतो. तासाभराने निघतो, म्हणजे अल ऐनहून यायला जेवढा वेळ…"

"गुणवंत!" ती बाई म्हणाली. "काय बोलतोयस कळतंय का तुला?"

सुजीतने त्यांचं मनगट धरलं. त्याला वाटलं नव्हतं आपल्या हातात इतका जोर आहे. "तुम्ही म्हणाल ते मी सांगेन. अल ऐन म्हणा, अबुधाबी म्हणा, कुठूनही आणले म्हणून सांगेन. कशावरही हात ठेवून शपथ घेतो. पण आत्ता चला. तुमच्या पाया पडतो, चला."

"जा," ती बाई म्हणाली. "माझी काळजी नको. आणि फोनही करू नकोस पुन्हा." सुजीतला म्हणाली, "माझं नाव कुठे यायला नको. मी इथे शाळेत शिकवते." तिचं नाव आभा होतं, हे त्याला कितीतरी दिवसांनी कळलं. ती वळली, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

गाडीत सुजीतने मनगट सोडलं नाही. पुलाच्या अलीकडे गुणवंतराव म्हणाले, "मी अर्धा ग्लास वाइन घेतलीय."

"चालेल."

थोड्या वेळाने ते पुढे वाकून म्हणाले, "हमीद, तू उद्यापासून…"

"हमीदभाईंना काही झालं," सुजीत म्हणाला, "तर मंडळाच्या हॉलमध्ये उभा राहून सगळं सांगेन. आत्ता घेतलेली शपथ गेली खड्ड्यात." असं कोणाशी तो आयुष्यात बोलला नव्हता. गुणवंतराव मागे टेकले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

साधनाबाई कॉरिडॉरमध्येच उभ्या होत्या. सुजीतला जाऊन तासाभराहून थोडंच जास्त झालं होतं. त्यांनी नवऱ्याला बघितलं. सूट, चकाकते बूट, सेंटचा वास. मग नवऱ्याच्या मनगटावरचा सुजीतचा हात बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला होता, तो तिथेच अडकून राहिला. सुजीतने नजर खाली घातली.

"आलात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रक्तपेढी खाली आहे. चला, दाखवते."

मल्याळी टेक्निशियनने नमुना लावून बघितला आणि अंगठा वर केला. पिशवी अर्धी भरली नसेल तोच वर धावपळ झाली. शुभ्राचं रक्त एकदम सुटलं होतं. डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत. भरलेली पिशवी घेऊन टेक्निशियन स्वतः जिन्याने पळत वर गेला.

"आणखी घ्या," गुणवंतराव पडल्या पडल्या म्हणत होते. "एवढ्याने काय होणार? घ्या आणखी." नर्सने मान हलवली. एका माणसाकडून एवढंच. ते रडू लागले. सुजीतने दाराच्या काचेतून बघितलं, साधनाबाई संत्र्याच्या रसाचा ग्लास त्यांच्या तोंडाशी धरून उभ्या होत्या. 

*

शुभ्रा वाचली. तिची गर्भपिशवी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून रक्त आलं तेव्हा तिने पहिल्यांदा डोळे उघडले. बाळ आधीच गेलं होतं. मुलगा होता. नर्सने पांढऱ्या कापडात गुंडाळून सुजीतच्या हातात दिला, तेव्हा तो अजून कोमट होता आणि त्याच्या भुवया अगदी शुभ्रासारख्या होत्या. कुठे न्यायचं, कोणाची परवानगी लागते, सुजीतला काही माहीत नव्हतं. हमीदभाईंनी सगळं केलं. वाळूत खड्डा करताना ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा." सुजीतने ऐकलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस साधनाबाई रोज येत होत्या. कधी भाताची पेज, कधी मेतकूट-भात. शुभ्राचे केस विंचरायच्या, वेणी घालायच्या. शुभ्रा एक शब्द बोलत नव्हती आणि रडतही नव्हती. एकदा डबा घेऊन परत निघताना त्या जिन्यात थांबल्या.

"लोक विचारतायत, अल ऐनहून इतक्या लवकर कसे आणले म्हणून. काय सांगता तुम्ही?"

"अजून काहीच सांगितलं नाही."

"सांगा, हमीदभाईंनी गाडी उडवत आणली. मुलगी दहावीला आहे माझी. मार्चपर्यंत हे घरात ठेवायचंय मला." त्यांनी डब्याची कडी लावली, काढली, परत लावली. "काय होतं तिथे? गाणं?"

"नाच होता. टँगो."

"कसा असतो?"

"मी बघितला नाही, वहिनी. म्हणजे समोरच होता, पण…"

"आणि जेवण?"

सुजीतला खोटं बोलता आलं नाही. "होतं."

"गुरुवारचा उपास असतो त्यांचा. संध्याकाळी येतील म्हणून मी साबुदाणा भिजवून ठेवला होता." एवढं म्हणून त्या खाली उतरून गेल्या.

महिन्याभराने मंडळाने गुणवंतरावांचा सत्कार ठेवला. ऊद मेथा भागातला हॉल भरला होता. शाल, श्रीफळ, फुलं. शुभ्रा पहिल्या रांगेत बसली होती, तिचा हात साधनाबाईंच्या हातात. हमीदभाई दाराशी उभे. मधल्या एका रांगेत शाळेतल्या शिक्षिका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात आभा होती. गुणवंतराव स्टेजवर शाल पांघरून बसले होते आणि कोणाकडेच बघत नव्हते. सेक्रेटरींनी सुजीतला माइकपाशी बोलावलं.

त्याने काय बोलायचं ते पाठ केलं होतं. अल ऐनचा रस्ता, वाळवंट, गाडीचा वेग. त्याने माइक हातात घेतला. "त्या संध्याकाळी," तो म्हणाला आणि थांबला. हॉल वाट बघत होता. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं.

"त्या संध्याकाळी साधनावहिनी माझ्या बायकोचे पाय चोळत बसल्या होत्या," तो म्हणाला. "त्या आल्या नसत्या तर काहीच झालं नसतं. रक्त गुणवंतरावांचं. आणलं हमीदभाईंनी. मी एवढंच सांगू शकतो."

त्याने माइक परत दिला. टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं त्याला गहिवरून आलं. मग सेक्रेटरींनीच माइकवर सांगितलं, अल ऐनहून वाऱ्यासारखी गाडी कशी आली ते. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. साधनाबाईंनीही वाजवल्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि साधनाबाई निरोप घ्यायला आल्या. शुभ्रा चहा करत म्हणाली, "सुट्टी संपली की लवकर या हं. गुणवंतरावांचे जेवायचे हाल होतील."

"दाखला काढलाय मुलीचा," साधनाबाई म्हणाल्या. "आता पुण्यातच." चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. शुभ्राला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.  लिफ्टपर्यंत सुजीत गेला, तेव्हा त्यांनी फक्त त्याच्या हातावर थोपटलं.

तो घरात आला तर शुभ्रा दारातच उभी होती. "असं का रे अचानक? काय झालंय त्यांच्यात?"

शपथ घेतली होती, पण ती हिच्यापासून लपवायला घेतली नव्हती, असं त्याने मनाला समजावलं. त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. जिन्यातले हमीदभाई, निळा कोट, हिरवी साडी, तासाभराने येतो म्हणणारा माणूस.  सांगून झाल्यावर शुभ्रा चहाचे कप उचलायला उठली आणि साधनाबाईंचा अर्धा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिला रडू फुटलं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच. ओट्याला धरून ती मोठ्याने, लहान मुलासारखी रडत राहिली. साधनाबाईंसाठी की बाळासाठी, ते सुजीतला कळलं नाही.  तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.